सार्वजनिक आरोग्य शिकायला नाशिकला येताय ना?

परभणी, हिंगोली, नंदुरबार, जळगाव... बारावी करून नाशिकला येणारी मुलंमुली दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणाकुणाच्या ओळखीने माझ्यापर्यंत पोचतात. मीही मूळची परभणीची. शिकायला आले आणि नोकरी, संसार सगळं इथेच झालं. आरोग्याच्या सर्वेक्षणांचं काम करते, म्हणून खोली कुठे घ्यावी इथपासून पदवी कुठली घ्यावी इथपर्यंत सगळं मला विचारलं जातं. सांगण्यासारखं बरंच आहे, ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी पदवीचं बोलू. अमेरिकेत बारावीनंतर सरळ ‘पब्लिक हेल्थ’ हा मुख्य विषय घेऊन चार वर्षांची पदवी करता येते. आपल्याकडे अशी पदवी देणाऱ्या संस्था मोजक्याच. बहुतेक जण आधी दुसरी पदवी घेतात आणि मग एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी करतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचंच, १९९८ साली स्थापन झालेलं, म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर. राज्यभरातली मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. पण मुख्यालय इथे आहे म्हणून बारावीचा निकाल घेऊन तिथे गेलात आणि प्रवेश मिळाला, असं होत नाही. नर्सिंगला जायचं तर त्याची सीईटी देऊन एखाद्या संलग्न कॉलेजात जावं लागतं. बीएस्सी, बीए, बीएसडब्ल्यू करायचं असेल तर शहरातली नेहमीची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची.

मला विचाराल तर मी दोनच वाटा आधी सुचवते: नर्सिंग किंवा स्टॅटिस्टिक्स. नर्सिंगवाल्यांना वॉर्ड कळतो आणि वस्तीही कळते. स्टॅटिस्टिक्सवाल्यांना आकडा फसवा कधी असतो ते कळतं. साथरोगशास्त्र नंतर शिकता येतं, पण आकड्यांची भीती विशीत गेली नाही तर पुढे फार जड जाते. ‘पब्लिक हेल्थ’ असं ठळक नाव दिलेली पदवी कुणी दाखवलीच, तर तीन गोष्टी विचारा. यूजीसीची मान्यता आहे का, बायोस्टॅटिस्टिक्सचे, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राचे तास किती, आणि फील्डवर्क कुठे नि किती आठवडे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.

घरी मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगा: ही डॉक्टरकी नाही, यात आपण पेशंट तपासत नाही. आई-वडिलांना हे पटवणं अवघड जातं, म्हणून मी त्यांना नाशिकचेच दाखले देते. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कमी झाला आणि २२ रुग्ण गेले. दोन्ही वेळी प्रश्न डॉक्टरांचा नव्हता. गर्दी कुठून कशी सोडायची, टाकीची देखभाल कोण बघणार, पर्यायी साठा किती ठेवायचा, हे आधी ठरवणारी माणसंही लागतात. तुमचा मुलगा, तुमची मुलगी ते शिकणार आहे, असं सांगितलं की बहुतेक आया मान डोलावतात.

राहण्याचं थोडक्यात. नाशिकरोड स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे. सामान घेऊन रात्री उतरलात तर पहिल्याच रिक्षावाल्याला हो म्हणू नका, सिटीलिंकची बस बघा. कॉलेजरोड, गंगापूररोड महाग. म्हसरूळ, पंचवटी, दिंडोरी रोडकडे भाडं झेपतं आणि घरगुती डबेही मिळतात. थंडीला नुसता स्वेटर नको, ब्लँकेटही आणा. मराठवाड्याच्या मानाने इथला डिसेंबर कडक असतो. खोलीत पाण्याचा ड्रम असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने इथे डेंग्यूचा ताप असतोच. आरोग्य शिकणाऱ्याच्या खोलीत असा आठवड्याचा कोरडा दिवस पाळला जात नसेल, तर बाहेर कुणाला काय सांगणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. शहरात राहा, पण शिकायला जिल्ह्यात जा. पहिल्या वर्षापासून, महिन्यातून निदान एकदा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ओळख काढा, आशाताईंबरोबर फिरा, अंगणवाडीत बसा. कुणी प्रमाणपत्र देणार नाही, तरी जा.

काय दिसतं ते सांगते. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. अशाच एका खोलीत एका बाईने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं माता-बाल कार्ड काढून माझ्या हातात दिलं होतं. मुलगा दीड वर्षाचा. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस टोचलेली, पुढचा रकाना कोरा. गावाकडच्या आशाताईच्या यादीत हे मूल ‘बाहेरगावी’ आणि इथल्या यादीत नावच नाही. आईने कार्ड जिवापाड जपलेलं, दोन्हीकडच्या ताया कामसू, तरी मूल सुटलं. २०२२ मध्ये मालेगावात गोवरचा उद्रेक झाला तेव्हा मला अशीच सुटलेली मुलं आठवत होती. सुटलेलं मूल यादीत कसं आणायचं, हा प्रश्न वर्गात एका ओळीत संपतो. इथे तुम्हाला मुकादमाला गाठावं लागतं, कामावरून सुटण्याची वेळ विचारावी लागते, संध्याकाळी परत जावं लागतं.

अंगणवाडीत दंडघेराची पट्टी हाताळा. डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर ती लावायची, ना घट्ट ना सैल. ११.५ सेंटिमीटरच्या खाली, पट्टीच्या लाल भागात आली की मूल सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. मूल रडत असतं, हात ओढत असतं, आणि तुमच्या बोटाच्या जराशा दाबाने पट्टीच्या पिवळ्या भागातलं मूल लालमध्ये जातं. अहवालातला प्रत्येक टक्का अशाच कुणाच्या तरी बोटांतून आलेला असतो. हे एकदा कळलं की आकडा वाचण्याची तुमची रीतच बदलते.

पाण्याचंही तसंच. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात, कारण उतारावरून आणि कातळावरून पाणी वाहून जातं, मुरत नाही. पहिल्या पावसात विहिरी गढूळ झाल्या की जुलाबाचे रुग्ण वाढतात. तेव्हा गावचं पिण्याचं पाणी बघणाऱ्या जलसुरक्षकाबरोबर विहिरीवर जा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कशी कालवतात, टाकल्यावर तासभर का थांबतात, मग पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारे ओटीचे थेंब टाकल्यावर नमुना पिवळा होतो की नाही, हे डोळ्यांनी बघा. नंतर विचारा की टीसीएलचा डबा किती दिवसांपूर्वी उघडला होता. उघड्या डब्यातल्या पावडरीचा दम निघून जातो, मग ती कितीही टाकली तरी विहीर सुरक्षित होत नाही.

बोलायला जाताना वही लगेच बाहेर काढू नका. पाड्यावर कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांशी बोलताना आपण पुस्तकी मराठीत विचारलं, की समोरची आजी सगळ्यालाच ‘हो’ म्हणते. ‘जुलाब झाले होते का’ याच्याऐवजी काल कोण कामावर गेलं, कोण घरी राहिलं, का राहिलं, असं विचारत जा. आठवडे बाजाराच्या दिवशी सर्वेक्षणाला जाऊ नका, घरं बंद असतात.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. तेव्हा तुम्ही शिकत असाल तर आरोग्य विभागाच्या स्वयंसेवकांत नाव द्या. लाखो लोक, एक नदी, तात्पुरती शौचालयं, तात्पुरते दवाखाने हे सगळं एकत्र बघायला पुढची संधी बारा वर्षांनी.

आणि सुरगाणा-पेठकडे जाल तेव्हा परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. रेंज सगळीकडे नसते, म्हणून आशाताईचा नंबर कागदावरही लिहून ठेवा.