गंगापूरच्या पाण्याकाठी एक दिवस: निघायच्या आधीची तयारी

डब्यात काय न्यायचं ते नंतर ठरेल, आधी दोन चौकशा उरकून घ्या, त्याही आठवडाभर आधी. पहिली होडीची. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठी पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे, पण फेऱ्या पाण्याच्या पातळीवर आणि वाऱ्यावर अवलंबून असतात. मुलांना कबूल करायच्या आधी सुरू आहे का ते विचारा. स्वतःचा कयाक किंवा हवेची होडी न्यायची असेल, तर ती कुठे उतरवू देतात हेही त्याच वेळी विचारून घ्या. दुसरी चौकशी गळाची. आपल्याकडे जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. संस्था मत्स्यबीज विकत आणून पाण्यात सोडते आणि त्या माशांवर काठावरची घरं चालतात. म्हणून कोणी हटकलं नाही म्हणजे गळ टाकायला मोकळीक आहे, असं धरून चालू नका. संस्थेच्या माणसाला विचारावं, पावती फाडायला लागली तर फाडावी. ते पैसे योग्य ठिकाणी जातात असं मला मनापासून वाटतं.

धरण मातीचं आहे, १९६५ साली पूर्ण झालेलं, भिंतीची लांबी जवळपास ४ किलोमीटर. भिंतीवर चढून फोटो काढायचा बेत सोडून द्या. बॅकवॉटरचा काठ पुरेसा मोठा आहे.

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी आणि वरच्या कश्यपी, गौतमी धरणांतून सुटणारं पाणी इथे येऊन थांबतं, आणि इथूनच नाशिक शहराला प्यायला जातं. ज्या पाण्यात आपण पाय बुडवून बसतो तेच उद्या आपल्या हंड्यात असतं. माझ्या यादीतल्या निम्म्या गोष्टी याच एका कारणाने आल्या आहेत. साबण, शाम्पू न्यायचा नाही. ताटं काठावर विसळायची नाहीत. घरची स्टीलची ताटं न्यावीत, जेवण झालं की जुन्या वर्तमानपत्राने पुसून पिशवीत भरावीत आणि घरी येऊन घासावीत. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ती तर घ्यायचीच नाहीत. तान्हं बाळ बरोबर असेल तर डायपरसाठी झाकणाचा वेगळा डबा हवा. कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या, एक ओल्याची, एक सुक्याची. दोन्ही घरी आणून सकाळच्या घंटागाडीत टाकायच्या. तिथल्या कचराकुंडीवर विसंबू नये, रविवारी संध्याकाळी ती भरून वाहत असते आणि कुत्री सगळं पाण्यापर्यंत ओढत नेतात.

ऋतू बघून यादी बदलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मात्र डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली उतरतो, पाण्यावरून येणारा गारवा वेगळाच. आजी-आजोबा असतील तर शाल, कानटोपी आणि जमिनीवर अंथरायला सतरंजीखाली एक ताडपत्री लागतेच, नाहीतर दवाने सतरंजी ओली होते. मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. मुलांना आधी काठीने टोचून बघायला शिकवा. शिवाय मार्च ते मेमध्ये दुपारनंतर वारा उठतो आणि मधूनच गारपीट येते, द्राक्षबागायतदारांना विचारा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचा बेत पूर्णपणे रद्द. धरणातून विसर्ग सोडला की खाली सोमेश्वरच्या खडकांवर बघता बघता पाणी चढतं आणि शहरातल्या रामकुंडावर लोक पुराचं माप म्हणून दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली ते बघायला गोळा होतात. अशा दिवशी नदीचा कुठलाच काठ सहलीचा नाही.

आता होडी. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण डबा विसरला तर भूक लागेल, जॅकेट विसरलं तर माणूस जाईल. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्यालाही. जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं. घालून सगळे पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघावं: ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर मूल खालून निसटतं. हवेची ट्यूब, डोनट, बदक ही खेळणी आहेत, वाऱ्याने ती मुलासकट आत नेतात. जॅकेटला एक शिट्टी बांधा. अंगात जीन्स नको, भिजली की जड होते, आणि साडी किंवा ओढणी होडीत नको. फोन आणि गाडीची किल्ली वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात.

वल्हवायला सकाळची वेळ धरा. पाणी शांत असतं आणि नवख्याला वल्हं धरायला जमतं. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदत करतो. उलटं केलं तर परतीला हात भरून येतात आणि माणसं घाबरतात. होडीत उभं राहायचं नाही, जागा बदलायची नाही. उलटलीच तर होडी सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही, तिला धरून तरंगत राहायचं. मच्छीमारांच्या जाळ्यांवर तरंगणारे डबे किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की लांबून वळसा घाला. आणि दारू घेतलेल्या माणसाला होडीत बसवायचं नाही, तो घरातला कितीही मोठा असो. वाटेवर द्राक्षांचे मळे आणि वाइनरी आहेत, तिथे जायचं तर पाणी आटोपल्यावर, आणि गाडी चालवणारा वेगळा हवा. मुलांना सांगायला एक खरी गोष्ट आहे: चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हं मारायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरला.

काठावर एक वीस मीटरचा दोर ठेवा, टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधून. कोणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही, हा कॅन फेकायचा. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छातीवर दाब द्यायचा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हे घरातल्या निदान दोघांना आधीच यायला हवं. वीज चमकून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं आणि थेट गाडीत बसायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं.

गळाचं सामान त्या मानाने थोडं. साधी बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, दोन-तीन मापांचे गळ, शिशाचे मणी, तरंगायला मोरपिसाचा देठ. राहू, मृगळ, कटला यांच्यासाठी घट्ट मळलेली कणीक, त्यात थोडं भाजलेलं शेंगदाण्याचं कूट, म्हणजे वास सुटतो. चिलापीला गांडूळ. गांडुळं ओल्या मातीत, भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीला ठेवा. बरोबर एक पक्कड हवी. गळ बोटात त्याच्या उलट्या काट्यापलीकडे रुतला तर ओढू नका, दोरा कापून तसंच डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. लहान मासा ओल्या हाताने धरून परत सोडावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. तुटलेला दोरा वीतभर असला तरी खिशात घाला, पक्ष्यांच्या पायात तोच अडकतो. मासे घरी न्यायचे तर बर्फाची पेटी लागेल, आणि ते काठावर साफ करायचे नाहीत.

निफाडकडे राहणाऱ्यांना नांदूरमध्यमेश्वर जवळ पडतं. तिथे मात्र गळ आणि होडी घरीच ठेवून दुर्बीण घ्या. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि २०२० साली राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा ठरलं.

जेवणाचं फार नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. दहीभात न्यायचा तर दुधात कालवून वर चमचाभर विरजण, दुपारपर्यंत बेताचा आंबट होतो. भेळेचं सामान सुटं न्यावं, तिथे कालवावं. हंगाम असेल तर द्राक्षं घरीच धुऊन घ्या. पाणी माणशी तीन लिटर, घरून. चूल पेटवू नका, फेब्रुवारीनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते. स्पीकर घरी राहू द्या, हिवाळ्यात तिथे चक्रवाक आणि वारकरी पक्षी उतरलेले असतात.

गाडी भरताना सतरंज्या आणि डबे आधी आत सारा. जॅकेट, दोर आणि औषधांची पेटी सगळ्यात शेवटी, डिकी उघडल्यावर पहिल्यांदा हाताला लागतील अशी.