कळत नसलं तरी टॉकला जा: पुण्या-मुंबईच्या क्वांटम संशोधनात शिरताना

बी.एस्सी.ची किंवा इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: 'क्वांटममध्ये जायचंय, कुठला कोर्स करू?' कोर्स जरूर करा, पण मी प्रत्येकाला आधी टॉकला, म्हणजे संशोधन संस्थांतल्या व्याख्यानाला, जायला सांगते. पुणे-मुंबई पट्ट्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयातलं देशातलं उत्तम काम बसने किंवा लोकलने जाऊन, करणाऱ्यांच्या तोंडून ऐकता येतं, आणि बहुतेक वेळा फुकट. तरीही मागच्या रांगा रिकाम्या असतात. 'आपल्याला काय कळणार' म्हणून मुलं येत नाहीत. हे मनाला लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी कुठे काय चालतं ते पाहू. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. तिथे एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी हाताळायचं तंत्र) वापरून क्युबिटवर, म्हणजे क्वांटम माहितीच्या सर्वांत लहान एककावर, प्रयोग होतात, अतिशीत अणूंवर काम चालतं, आणि आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशनही तिथलंच. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाला लोक फक्त खगोलशास्त्राची संस्था समजतात, पण तिथे यिटर्बियम या धातूच्या आयनावर (विद्युतभारित अणूवर) आधारलेल्या ऑप्टिकल घड्याळावर काम करणारी लॅब आहे. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत सुपरकंडक्टिंग (विरोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांचे) क्युबिट बनतात. पवईत आयआयटी हिऱ्यातल्या दोषांचा वापर करून चुंबकीय क्षेत्र मोजते. राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या चार हबपैकी सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं (अचूक मोजमापाचं) हब आयआयटी मुंबईकडेच आहे. बाकीची तीन बंगळुरूची आयआयएस्सी, आयआयटी मद्रास आणि आयआयटी दिल्लीकडे. या मिशनला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंत. म्हणजे आज दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी एम.एस्सी. करून संशोधनाला लागेल, तेव्हाही हे मिशन चालू असेल.

पुस्तकात क्युबिट एकसारखाच असतो. लॅबमध्ये मात्र तो कशाचा बनलाय यावर तुमचा सगळा दिवस ठरतो, आणि नव्या मुलांना हेच कोणी सांगत नाही. सुपरकंडक्टिंग क्युबिटच्या लॅबमध्ये मायक्रोवेव्ह केबल, अँप्लिफायर आणि चिपला निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम काही मिलीकेल्विनपर्यंत थंड करणारा डायल्यूशन फ्रिज असतो. फ्रिज थंड व्हायलाच दिवस जातात, त्यामुळे एक कनेक्शन सैल राहिलं तर पुन्हा सगळं गरम करून उघडावं लागतं. आयन किंवा अणूंच्या लॅबमध्ये मोठ्या टेबलावर आरसे, लेन्स, फायबर. दिवसाचा बराचसा वेळ लेझर जागेवर आणण्यात आणि तिथे टिकवण्यात जातो. हिऱ्याच्या लॅबमध्ये प्रयोग साध्या खोलीच्या तापमानाला होतो: हिरवा लेझर टाकायचा, लाल प्रकाश मोजायचा आणि २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्हची वारंवारता फिरवत प्रकाश कुठे कमी होतो ते बघायचं. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तो खड्डा सरकतो. सेन्सरचं मूळ तत्त्व एवढंच. या तिन्हींपैकी कुठल्या कामात आपला जीव रमेल हे जाहिरात वाचून कळत नाही. त्या लॅबमधल्या माणसाला एक तास ऐकलं की बरंचसं कळतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची संपूर्ण चाचणी झाल्याचं जाहीर झालं, ते उदाहरण मी नेहमी देते. क्युबिटची रचना आणि निर्मिती टीआयएफआरने केली. ते चालवायची आणि मोजायची यंत्रणा पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने जुळवली. क्लाउडवरून सर्किट पाठवण्याचा इंटरफेस टीसीएसचा. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर यांपैकी एक जरी बाजू नसती तरी तो प्रोसेसर चालला नसता. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलांनो, 'आम्ही फिजिक्सचे नाही' म्हणून मागे राहू नका. एफपीजीए (हवी तशी प्रोग्राम करता येणारी चिप), आरएफ (रेडिओ वारंवारतेचं) सर्किट, कमी इलेक्ट्रॉनिक नॉइजचा पॉवर सप्लाय हे येणारा माणूस कुठल्याही क्वांटम लॅबला हवाच असतो. मेकॅनिकलवाल्यांनाही हेच सांगेन: व्हॅक्यूम चेंबर आणि क्रायोजेनिक्स (अतिथंड तापमानाचं तंत्र) ही त्यांचीच कामं.

आता टॉक कुठले. टीआयएफआरचा बुधवारचा कलोक्विअम हा सगळ्या शाखांसाठी असतो, त्यामुळे वक्ता पहिली पंधरा-वीस मिनिटं तरी बाहेरच्यांना समजेल असं बोलतो. विभागीय सेमिनार त्याहून अवघड, पण काम जवळून दिसतं ते तिथेच. टीआयएफआरचाच 'चाय अँड व्हाय' हा कार्यक्रम रविवारी सकाळी होतो. तो शाळेतल्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमाराला संस्था आपली दारं उघडतात आणि प्रयोगशाळा बघायला मिळतात. १४ एप्रिलला जागतिक क्वांटम दिन असतो (प्लांकच्या स्थिरांकाचे इलेक्ट्रॉनव्होल्ट-सेकंदातले पहिले पूर्णांकित आकडे ४.१४, त्यावरून ही तारीख), तेव्हाही व्याख्यानं होतात. बाकीचे कार्यक्रम संस्थांच्या साईटवर 'इव्हेंट्स'खाली लागतात. दर सोमवारी सकाळी तीन-चार साईट उघडून बघायची सवय लावा. जाताना ओळखपत्र ठेवा, कारण गेटवर नाव लिहून घेतात; टीआयएफआर तर नेव्ही नगरच्या आत आहे. बाहेरच्यांना प्रवेश आहे का हे टॉकच्या सूचनेत दिलेलं नसेल, तर आयोजकांना दोन ओळींची मेल टाका.

टॉक ऐकायचा कसा, यावर थोडं थांबते. पहिल्या टॉकला ऐंशी टक्के डोक्यावरून जाणार, ते ठीक आहे. तुम्ही एकच स्लाइड पकडा. प्रयोगाच्या जवळजवळ प्रत्येक टॉकमध्ये एक आलेख येतो: आडव्या अक्षावर वेळ, मायक्रोसेकंदात, उभ्या अक्षावर क्युबिट वरच्या अवस्थेत सापडण्याची शक्यता, शून्य ते एक. रेषा लाटेसारखी वर-खाली जाते आणि हळूहळू तिची उंची कमी होत मध्यावर विरते. ही राबी दोलनं. लाट चालू आहे तोवर क्युबिटवर आपला ताबा आहे. ती विरली की तो ताबा गेला. मग वहीत तीन गोष्टी लिहा: लाट किती वेळ टिकली, ती कशामुळे विरते असं वक्ता म्हणतो, आणि ती जास्त टिकावी म्हणून या लोकांनी काय बदललं. कधी कारण पदार्थातल्या दोषांत असतं, कधी चुंबकीय क्षेत्राच्या चढउतारात, कधी लेझरच्या अस्थिरतेत. दहा टॉकना हेच तीन प्रश्न घेऊन गेलात तर या क्षेत्रातले अर्धेअधिक लोक कशाशी झगडताहेत ते तुम्हाला आपोआप कळेल, आणि त्यातला कुठला झगडा आपला वाटतो तेही.

प्रश्न विचारा. 'सर, हे मोजताना तापमान किती होतं?' असा साधा प्रश्नही चालतो, आणि वक्ते त्याला मनापासून उत्तर देतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलायचा धाक वाटतो, ते मी जाणते. मग टॉकनंतर चहाच्या टेबलापाशी थांबा. तिथे पीएचडीची मुलं-मुली असतात, त्यातल्या कित्येकजणी साताऱ्या-नांदेडकडच्या निघतात, आणि मराठीत सगळं सांगतात: कुठल्या गाईडकडे जागा आहे, कुठल्या लॅबमध्ये नवा सेटअप उभा राहतोय, कुठे समरला विद्यार्थी घेतात. ही माहिती कुठल्याही साईटवर नसते. शेवटच्या स्लाइडनंतर लगेच बस पकडायला पळू नका.

संधींचं वेळापत्रक मात्र डोक्यात पक्कं हवं, कारण मे महिन्यातल्या कामाचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात. तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप साधारण याच काळात उघडते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम आणि स्टायपेंड. ती कॉलेजच्या शिक्षकांसाठीही असते, तेव्हा तुमच्या सर-मॅडमनाही सांगा. टीआयएफआरच्या व्हीएसआरपी या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाची जाहिरात त्यानंतर हिवाळ्यात येते. कुठल्या वर्षाचे विद्यार्थी पात्र आहेत ते विषयागणिक बदलतं, म्हणून जाहिरात अक्षरन् अक्षर वाचा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा कार्यक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्यांसाठी आहे आणि त्याच्याबद्दल छोट्या गावांतल्या कॉलेजांत फारच कमी बोललं जातं. आयसरच्या आय-हबकडून चाणक्य फेलोशिप मिळतात, पदवीपासून पीएचडीच्या पुढेपर्यंतच्या. याशिवाय 'प्रोजेक्ट असोसिएट' किंवा 'प्रोजेक्ट असिस्टंट'च्या जागा वर्षभर निघत राहतात. एम.एस्सी. झाली, नेट ही पात्रता परीक्षा निघाली नाही, आता काय, असं वाटणाऱ्यांनी या जागांकडे कमीपणाने बघू नये. एक-दोन वर्षं लॅबमध्ये हात काळे केलेला उमेदवार पीएचडीच्या मुलाखतीत वेगळा दिसतो.

पुढचा रस्ता परीक्षांचा: एम.एस्सी.साठी जॅम, पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची प्रवेशपरीक्षा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. घरी 'अजून किती शिकणार?' असं विचारलं जातं तेव्हा हा आकडा सांगा. विशेषतः मुलींनी सांगा.

थेट एखाद्या प्राध्यापकांना मेल करायची तर तिथेही टॉक कामी येतो. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी इंटरेस्टेड इन क्वांटम' अशा मेल त्यांना ढिगाने येतात. तुम्ही लिहा: 'अमुक तारखेच्या टॉकमध्ये तुम्ही दाखवलेल्या आलेखात दोलनं इतक्या मायक्रोसेकंदात विरत होती. ते चुंबकीय क्षेत्रामुळे असेल तर शिल्डिंगने किती फरक पडतो?' पुढे एका ओळीत स्वतःची ओळख, एका ओळीत हाताने काय केलंय ते: कॉलेजच्या लॅबमध्ये मायकेलसन इंटरफेरोमीटर लावलाय, पायथॉनमध्ये डेटा फिट करता येतो, सोल्डरिंग येतं. सोबत गुणपत्रक. बस. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या लॅबकडे वळा. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा लॅबमध्ये जागा नसणं हेच असतं.

कोर्सबद्दल थोडक्यात. एनपीटीईएल या आयआयटी-आयआयएस्सीच्या ऑनलाइन मंचावर क्वांटम कॉम्प्युटिंगचे चांगले कोर्स मोफत ऐकता येतात, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. किस्किट हे क्वांटम सर्किट लिहायचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने इंजिनिअरिंगसाठी क्वांटम तंत्रज्ञानाच्या मायनरचा (जोडविषयाचा) अभ्यासक्रम आणलाय. तुमच्या कॉलेजात तो सुरू झालाय का विचारा. हजारो रुपये घेऊन पंधरा दिवसांत 'क्वांटम तज्ज्ञ' करणाऱ्या सर्टिफिकेटांपासून मात्र लांब राहा, त्या पैशांत वर्षभराचा टॉकचा प्रवास होतो. त्यापेक्षा कागद-पेन घ्या, दोन क्युबिट शून्यात ठेवा, पहिल्यावर हॅडामार्ड गेट लावा, मग दोन्हींवर सीनॉट गेट, आणि मॅट्रिक्सचा गुणाकार हाताने करून बेल अवस्था (दोन क्युबिट एकमेकांत गुंतल्याची अवस्था) मिळते का ते बघा. उत्तर जुळेपर्यंत करा. लिनियर अल्जेब्रा पक्का असेल तर टॉकमधली निम्मी चिन्हं ओळखीची वाटू लागतात.

समरची जागा मिळाली की एक अडचण हमखास येते: विद्यापीठाची परीक्षा मेअखेरपर्यंत लांबते आणि प्रोजेक्ट तर मेच्या मध्यालाच सुरू होतो. वेळापत्रक लागायची वाट बघू नका. होकार देतानाच गाईडना मेलने कळवा की परीक्षा लांबल्यास जूनमध्ये रुजू होऊन जुलैपर्यंत थांबता येईल का. बहुतेकजण समजून घेतात, पण शेवटच्या आठवड्यात कळवलं तर त्यांनाही काही करता येत नाही. कॉलेजकडून बोनाफाईड आणि एनओसी एप्रिलमध्येच घेऊन ठेवा, सुट्टीत ऑफिसला सही करायला कोणी नसतं. आणि हॉस्टेल मिळणार का, की राहायची सोय स्वतः करायची, हे आधी विचारा. पाषाण, पवई आणि कुलाबा तिन्हीकडे खोली शोधायला वेळ लागतो.