दीवच्या किनाऱ्यावर पायी फिरताना : बडोदेकरांसाठी सोप्या वाटा

दीव हे गाव ज्या बेटावर वसले आहे, ते पूर्व-पश्चिम असे लांबट पसरलेले आहे. पूर्वेच्या टोकाला पोर्तुगिजांचा किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचे गाव, उत्तरेला सौराष्ट्राच्या भूमीपासून बेट वेगळे करणारी खाडी आणि दक्षिणेला उघडा अरबी समुद्र, एवढा नकाशा मनात असला तरी पुरे. खाडीची बाजू बहुतांशी चिखलाची आणि मिठागरांची असल्यामुळे चालण्याजोग्या बहुतेक वाटा दक्षिण किनाऱ्यावर आहेत. त्यांत दमवणारी चढण जवळजवळ नाही, त्यामुळे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांनाही त्या झेपतात. बडोद्याहून रात्रीच्या बसने निघाले की सकाळी तिकडे पोहोचता येते. रेल्वेने जायचे असल्यास वेरावळपर्यंत जाऊन पुढचा प्रवास रस्त्याने करावा.

आपण बडोदेकर चालणे मोजतो ते कमाटी बागेच्या फेऱ्यांनी, म्हणजे अंतराने. समुद्रकाठी मात्र आधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी आणि मग त्या वेळेला कोणती वाट जमेल ते ठरवावे. ही गोष्ट आपल्याला अगदीच नवी नाही. जंबुसरजवळच्या कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाणारे प्रत्येक कुटुंब निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घेते, कारण भरतीत ते शिवालय पाण्याखाली जाते आणि ओहोटीत पुन्हा उघडे पडते. खंबातच्या आखातातली भरती फार मोठी असते. दीवला ती त्या मानाने कितीतरी कमी असली, तरी कोरडा खडक पाण्याखाली घालायला पुरेशी असते.

हिशेब सोपा आहे. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सहा तासांचे अंतर असते आणि दोन्हींच्या वेळा रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकतात. म्हणजे आज सकाळी आठ वाजता पूर्ण ओहोटी असेल, तर उद्या ती नऊच्या थोडी आधी येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही; अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. सहा तासांत पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक हिस्सा पाणी ढोबळ मानाने वाढते. म्हणूनच ओहोटी संपल्यावरही तासभर समुद्र जागचा हलला नाही असे वाटते, आणि पुढच्या दोन-तीन तासांत तो भराभर अंगावर येतो. खडकांवरून जाणाऱ्या वाटेवर पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरावे आणि ओहोटीची घटका झाली की परत फिरावे. वेळापत्रक मोबाइलवर मिळतेच. तरीही बंदरावर होड्यांची कामे करणाऱ्यांना ‘ओट केटला वागे?’ एवढे विचारून घ्यावे. गुजराती आपल्या सगळ्यांनाच येते, आणि उत्तराबरोबर त्या दिवशीच्या लाटांविषयी दोन शब्द अधिक ऐकायला मिळतात.

पहिली वाट गावातलीच आहे आणि तिला भरतीची अडचण नाही. बंदर चौकातून खाडीच्या कडेने पूर्वेला किल्ल्यापर्यंत सपाट रस्ता जातो. उजव्या हाताला जुनी घरे आणि डाव्या हाताला नांगरलेल्या होड्या असतात, तर पाण्याच्या मधोमध पाणीकोठा हा लहानसा जलदुर्ग दिसतो. किल्ल्याचे बांधकाम 1535 मध्ये सुरू झाले. आत शिरल्यावर खडकात खोदलेला खंदक, तोफा आणि दीपगृह पाहत समुद्राकडच्या तटावरून हिंडावे. तटाला पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, तेव्हा मुलांचा हात सोडू नये. प्रवासाने अंग आंबलेले असते, म्हणून पहिल्या दिवशी एवढेच चालणे ठेवावे असे मी सुचवीन.

माझी सर्वांत आवडती वाट दुसरी. गावातून दक्षिण किनाऱ्यावर यावे आणि जालंधर, मग चक्रतीर्थ हे किनारे करत पश्चिमेकडे फुदम गावच्या गंगेश्वर या शिवमंदिरापर्यंत जावे. गावापासून गंगेश्वर साधारण तीन किलोमीटरवर आहे. थांबत-पाहत गेले, तर दीड ते दोन तास धरावेत. सकाळी पश्चिमेकडे चालताना ऊन पाठीवर राहते आणि डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे दिशा हीच ठेवावी. हिवाळ्यात तिकडे सूर्योदय सातनंतर, आपल्यापेक्षा काही मिनिटे उशिरा होतो, तेव्हा अंधारात निघण्याची घाई करू नये.

चक्रतीर्थाजवळच्या उंचवट्यावर आयएनएस खुकरीचे स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ही युद्धनौका दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात शत्रूच्या पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली आणि तिच्याबरोबर 18 अधिकारी व 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. तेथे काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे आणि तिच्यामागे तोच समुद्र पसरलेला आहे. येथे दहा मिनिटे तरी न बोलता उभे राहावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

गंगेश्वरी पायऱ्या उतरून खडकाच्या कपारीत जावे लागते. पाच शिवलिंगे समुद्रासमोर आहेत. ती पांडवांनी स्थापिली अशी श्रद्धा आहे. भरती चढू लागली की लाट आत येऊन पिंड्यांवरून फिरते. आईला घेऊन गेलो होतो, तेव्हा तिने वाहिलेली झेंडूची फुले एका लाटेने बाहेर ओढून नेली आणि तिसऱ्या लाटेने त्यांतले एकच फूल परत आणून तिच्या पायाशी टाकले. तिने ते रुमालात बांधून घरी आणले आणि दांडिया बाजारातल्या आमच्या देवघरात कितीतरी दिवस ठेवले होते. हे दर्शन पाणी अर्धे चढलेले असताना घडावे, म्हणून एवढी एक वाट ओहोटीचा नियम बाजूला ठेवून आखावी. चालणे रस्त्यानेच असल्याने त्यात धोका नाही. मात्र ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असते. वडीलधाऱ्यांना हात द्यावा आणि पाणी खालच्या पायऱ्यांवर जोराने आदळत असेल, तर वरूनच नमस्कार करावा.

तिसरी वाट नागव्याची. गावापासून ती बरीच पश्चिमेला असल्याने तेथवर रिक्षाने जावे. घोड्याच्या नालासारखा वळलेला हा किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओल्या, घट्ट वाळूवरून चालावा. येथे होकाची झाडे जागोजागी दिसतात. ती ताडाच्या कुळातली आहेत, परंतु ताड-माडासारखे एकच सरळ खोड न राहता त्यांच्या खोडाला दुहेरी फांद्या फुटत जातात. सुट्यांच्या दिवसांत संध्याकाळी येथे फार गर्दी होते आणि मद्यपानही चालते, त्यामुळे कुटुंबासह सकाळीच जावे. कोरड्या वाळूत काचा असू शकतात, म्हणून अनवाणी चालू नये.

नागव्याच्या टोकाचे खडक चुनखडीचे, लाटांनी खाऊन कंगोरेदार केलेले आहेत. ओहोटीत त्यांच्यात लहान-लहान पाणवठे उरतात. परातीएवढ्या अशाच एका खळग्यापाशी मी एकदा उकिडवा बसलो होतो. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा शंख ओढत कडेपर्यंत यायचा, माझी सावली पडली की आत शिरायचा आणि पुन्हा बाहेर पडायचा. पाहता पाहता ओहोटी होऊन दोन तास उलटून गेले. परत निघालो तेव्हा येताना घोट्याएवढे पाणी असलेल्या घळीत मांडीएवढे पाणी होते आणि लाटेचा ओढ पायाला जाणवत होता. पाण्यात न शिरता मी खडक चढून रस्ता गाठला. नडगी सोलवटली, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून खडकांकडे जाताना परत फिरण्याच्या वेळेचा गजर मी मोबाइलवर लावूनच ठेवतो, आणि आपणही लावावा.

ज्यांना खडक, पायऱ्या काहीच नको, त्यांनी पूल ओलांडून घोघल्याला जावे. तेथला किनारा लांब, सपाट आणि स्वच्छ आहे. 2020 मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. गुडघेदुखीच्या माणसांना ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची कडक वाळू सर्वांत सोयीची पडते, कारण वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या लवकर भरून येतात.

तयारीविषयी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात खडकांच्या वाटा पूर्ण वर्ज्य समजाव्यात. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट घालावेत. चपला आणि कोल्हापुरी ओल्या खडकावर घसरतात. माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि मोज्यांचा जादा जोड बरोबर असावा. खाण्यासाठी थेपले उत्तम, कारण ते खारट, दमट हवेतही टिकतात. रिकामे शंख-शिंपले मुलांना वेचू द्यावेत. पण उचललेला शंख उलटा करून आत कोणी राहत नाही ना, हे पाहायला शिकवावे, आणि आत जीव असेल तर तो त्याच खळग्यात हळूच परत ठेवायला सांगावे.