एकापेक्षा जास्त मॉनिटर लावताय? कन्व्हर्टर घेताना या चुका टाळा

माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गिऱ्हाइकांनी घेतलेले आणि शेवटी माझ्याकडेच ठेवून गेलेले कन्व्हर्टर, म्हणजे एका जातीच्या पोर्टाला दुसऱ्या जातीचं पोर्ट जोडणारे तुकडे, त्यात साठलेत. त्यातले बहुतेक चालू आहेत. ते घेणाऱ्याच्या मशीनला उपयोगाचे नव्हते, एवढंच. आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीचं जॅकार्ड डिझाइन, म्हणजे विणीतच येणारी नक्षी, करणारे, युनिफॉर्मवाले, सीए ऑफिसवाले असे कितीतरी लोक आता दोन-तीन स्क्रीन लावतात आणि त्याच त्या चुकांत पैसे घालवतात. ते बघून खरंच जीव तुटतो.

दिशा न बघता केबल घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावरची गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला, "दुसरा मॉनिटर लागतच नाही, तुम्हीच बघा की ओ." मालकांनी २४ इंची सेकंड हँड मॉनिटर घेतला होता. ऑफिसांतून निघालेल्या अशा मॉनिटरला बऱ्याचदा एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला असतं ते चित्राचं पोर्ट, नसतं. डिस्प्लेपोर्ट, म्हणजे डीपी, आणि जुन्या पद्धतीचं व्हीजीए पोर्ट असतं. यांच्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या कार्डावर, एचडीएमआय मोकळं होतं, म्हणून त्यांनी 'डीपी ते एचडीएमआय' केबल आणली. स्क्रीनवर नो सिग्नल. केबल बदलून आणली, पुन्हा तेच. तिसरी आणली. चार दिवस डिझायनर एकाच स्क्रीनवर विणीचा ग्राफ आणि नमुना आलटून पालटून बघत बसला. मी पोहोचलो तेव्हा मालक नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघाले होते.

तिन्ही केबली चांगल्या होत्या. पण त्या एका बाजूनेच चालतात: डीपी कॉम्प्युटरकडे, एचडीएमआय मॉनिटरकडे. कॉम्प्युटरच्या डीपी पोर्टला बहुतेक वेळा एचडीएमआयचा सिग्नल स्वतःच काढता येतो. असं पोर्ट डीपीच्या खुणेशेजारच्या दोन अधिक चिन्हांवरून ओळखता येतं. म्हणून त्या स्वस्त केबलला फक्त व्होल्टेज जुळवून द्यावं लागतं. उलट दिशेने हे जमत नाही. एचडीएमआय पोर्टला डीपीचा सिग्नल काढता येत नाही. तिथे सिग्नल बदलणारी चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, आणि त्या चिपला वेगळी पॉवर लागते. म्हणून त्याला बहुधा यूएसबीची एक शेपटी असते. या दिशेचा बिनशेपटीचा कन्व्हर्टर मी दुकानात ठेवतच नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

मी टेबलावर चादर अंथरली आणि मॉनिटर पालथा घातला. पोर्ट सगळे खाली तोंड करून होते. डीपीच्या शेजारी पांढरं प्लास्टिकचं टोपण दिसलं. ते काढलं तर आत डीव्हीआय, चित्राचं आणखी एका जातीचं पोर्ट! कार्डावरही डीव्हीआय मोकळंच होतं. म्हटलं, "अण्णा, कार्ड राहू द्या." साधी डीव्हीआय केबल लावली, स्क्रीन उजळली. कन्व्हर्टरची गरजच नव्हती.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी कॅबिनेटच्या मागचा आणि मॉनिटरच्या मागचा फोटो मागतो. दोन्हीकडे सारखं पोर्ट आहे का, ते बघतो. नसेल तरच कन्व्हर्टरचं बोलतो, आणि देताना त्यावर पांढरी टेप लावून 'कॉम्प्युटरकडे' असं पेनने लिहितो. दोन मिनिटं जातात. तेवढाही धीर नसलेले लोक आठवड्यात तीन फेऱ्या मारतात.

बोर्डाचं पोर्ट आणि कार्डाचं पोर्ट एकच समजणं

ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या मशीनला मागे दोन ठिकाणी एचडीएमआय दिसतं. वर बोर्डाचं, म्हणजे मदरबोर्डाचं, खाली आडव्या पट्टीत कार्डाचं. पहिला मॉनिटर कार्डाला आणि दुसरा बोर्डाला लावतात, तो काळा राहतो आणि दोष कन्व्हर्टरला मिळतो. कार्ड बसवलं की बऱ्याच बोर्डांचा स्वतःचा डिस्प्ले बंद होतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं, ग्राफिक्स चालू केलं, की तेच पोर्ट तिसऱ्या मॉनिटरला फुकट मिळतं. मात्र इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर आत ग्राफिक्सच नाही. मग त्या पोर्टाचा नाद सोडा.

स्प्लिटरने दोन वेगळ्या स्क्रीन होतील असं समजणं

होत नाहीत. एचडीएमआय स्प्लिटर तेच चित्र दोन्हीकडे दाखवतो. क्लासमध्ये टीव्हीवर तेच दाखवायला तो उत्तम. एका पोर्टातून दोन वेगळे डेस्कटॉप हवे असतील तर डीपी १.२ किंवा पुढचं पोर्ट आणि एमएसटी हब, म्हणजे एका डीपीतून वेगवेगळ्या स्क्रीन काढणारी डबी, लागतो.

आणखी काही

व्हीजीएसाठी कुठलाही डीव्हीआय कन्व्हर्टर उचलू नका. पोर्टातल्या आडव्या चपट्या पिनेभोवती चार बारीक छिद्रं असतील तरच साधा चालतो. नसतील तर ते डीव्हीआय-डी, तिथे चिपवालाच घ्यावा लागतो.

एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरमध्येही चिप असते आणि ती तापते. कॅबिनेटमागे भिंतीला दाबून ठेवलेले असे कन्व्हर्टर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दुपारी स्क्रीन घालवायला लागतात. केबलीसह बाजूला, हवेत लोंबता ठेवा.

फोर-के मॉनिटरला जुना एचडीएमआय १.४ चा कन्व्हर्टर लावला तर ३० हर्ट्झच मिळतात. माउस ओढल्यासारखा चालतो आणि संध्याकाळपर्यंत डोळे दुखतात. ६० हवे असतील तर २.० लिहिलेलाच मागा.

टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून त्यातून डिस्प्ले निघेलच असं नाही. डेस्कटॉपवर तर बहुतेकदा निघत नाही.

यूएसबीला लावायचे डिस्प्लेलिंकवाले कन्व्हर्टर ड्रायव्हर टाकून चालतात, पण चित्र पाठवायचं ओझं प्रोसेसरवर पडतं. टॅलीला ठीक. डिझाइन झूम करणाऱ्याला मी देत नाही.

आणि डीपीची केबल काढताना वरचं बटण दाबा. तिला दोन बारीक आकडे असतात. हिसका देऊन ओढल्यामुळे कार्डाचं पोर्टच उखडून आलेलं मी दोनदा पाहिलंय, आणि ते सोल्डर करून पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही.