दवाखान्याचं इंटिरिअर करताय? फरशी बसायच्या आधी या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतला एक गाळा. दातांचा दवाखाना व्हायचा होता. दसऱ्याला उद्घाटन, पत्रिका वाटून झालेल्या, आणि नऊ दिवस उरले असताना डेंटल चेअर टेम्पोतून उतरली. कंपनीच्या माणसानं खोक्यातला कागद काढून जमिनीवर पसरला. पाणी, ड्रेन, हवा आणि वीज हे चारही पॉइंट त्या कागदावर जिथं होते, तिथून सव्वा फूट डावीकडं आम्ही ते काढून ठेवले होते. "मॅडम, नवी फरशी फोडायला लागणार बघा," मिस्त्री म्हणाले आणि कटर सुरू झाला. रिसेप्शनच्या काचेवर, लॅमिनेटवर, आदल्या दिवशीच पॉलिश केलेल्या दारावर पांढरी धूळ बसत गेली. डॉक्टरीणबाई नाकाला रुमाल लावून दारात उभ्या होत्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण चूक माझीच होती. चेअरचं मॉडेल पक्कं व्हायच्या आधी मी पाइप टाकून घेतले होते.

तेव्हापासून मी एकच क्रम धरून काम करते: आधी मशिन, मग पाणी-वीज-हवा, मग भिंती, आणि शोभा सगळ्यात शेवटी. पुढं ज्या चुका सांगतेय त्यातल्या बहुतेक हा क्रम उलटा झाल्यामुळं होतात. डॉक्टर मोबाइलमध्ये एक सुंदर थ्रीडी चित्र घेऊन येतात. चित्रात ड्रेनचा पाइप नसतो, कॉम्प्रेसर नसतो, आणि चप्पल काढून बसलेली माणसंही नसतात.

मशिनचा कागद आधी, फरशी नंतर

चेअर, ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र), एक्स-रे, सोनोग्राफी, जे काही घ्यायचं असेल त्याचं मॉडेल ठरवा आणि कंपनीकडून इन्स्टॉलेशनचं ड्रॉइंग मागून घ्या. ते मिळेपर्यंत जमिनीतलं काम थांबवलं तरी चालतं. "पॉइंट साधारण मधे काढून ठेवू, काय होत नाही," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

डेंटल कॉम्प्रेसर पॅन्ट्रीत किंवा ओट्याखाली कोंबू नका. त्याला हवा लागते, साठलेलं पाणी सोडायला ड्रेन लागतो, आणि त्याचा आवाज दिवसभर पेशंटच्या डोक्यात घुमतो. मागच्या डक्टमध्ये, बाल्कनीत किंवा गच्चीवर पत्र्याची शेड करून ठेवा आणि हवेची लाइन आत आणा. मात्र लाइनची जागा भिंत बंद व्हायच्या आधीच सोडावी लागते.

ऑटोक्लेव्हची प्लग काळी पडते, वितळते, अशी तक्रार मला वर्षातून दोन-चारदा तरी येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: दीड-दोन किलोवॅटचं यंत्र सहा अँपिअरच्या सॉकेटवर लावलेलं. त्याला डीबीपासून, म्हणजे विजेच्या मुख्य वाटप पेटीपासून, स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि सोळा अँपिअरचं सॉकेट द्या. एसी, ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसर आणि एक्स-रे यांची बेरीज करून महावितरणचा मंजूर भार पुरतो का, हे गाळा घेतल्या आठवड्यातच बघा. जुन्या गाळ्यांत सिंगल फेजच असतो आणि भार वाढवून घ्यायला वेळ लागतो. अर्थिंग नवीन करा. शेजारच्या दुकानाच्या अर्थिंगला जोडून वेळ मारून नेऊ नका.

एक्स-रेची खोली उरलेल्या कोपऱ्यात बसत नाही

एक्स-रे मशिनला अणुऊर्जा नियामक परिषदेची, म्हणजे एईआरबीची नोंदणी लागते. दाताच्या छोट्या एक्स-रेलाही ती लागते, आणि अर्ज ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरून होतो. हाडांच्या नेहमीच्या एक्स-रेसाठी भिंत किमान २३ सेंटिमीटर विटांची, म्हणजे आपल्या भाषेत नऊ इंची हवी. दाराला १.७ मिलिमीटर शिशाचा पत्रा किंवा तेवढंच संरक्षण लागतं. गाळ्यांमधल्या आतल्या भिंती बहुतेक साडेचार इंची असतात, आणि जिप्समचं पार्टिशन तर या हिशोबात धरताच येत नाही. मशिनचा झोत वेटिंगच्या किंवा दाराच्या दिशेनं जाऊ नये हेही नकाशातच ठरतं. म्हणून ही खोली पहिल्यांदा आखायची आणि बाकीचा दवाखाना तिच्याभोवती बसवायचा. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालची नोंदणी त्या पत्त्याची असते. जागा बदलताना आधी कळवावं लागतं, हे ध्यानात ठेवूनच जुन्या जागेचा करार संपवा.

भिंत वर स्लॅबपर्यंत गेली आहे का?

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ती फोटोत दिसत नाही आणि त्रास मात्र पेशंटला होतो.

एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मला दुरुस्तीला बोलावलं होतं. मी बाहेर बसले होते. आतली बाई खालच्या आवाजात तिची अडचण सांगत होती, आणि आम्हा आठ-दहा जणांना तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. एक आजोबा उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. ती बाहेर आली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि तिला कळलं. पदर सावरत, औषधाची चिठ्ठी काउंटरवरच विसरून ती निघून गेली.

मी स्टूल घेऊन फॉल्स सीलिंगची एक प्लेट उचलली. जिप्समचं पार्टिशन नऊ फुटांवर, बरोबर सीलिंगपाशी थांबलं होतं. स्लॅब अकरा फुटांवर. मधली दोन फूट पोकळी सगळ्या खोल्यांना सारखीच, आणि आवाज तिथून फिरत होता.

पार्टिशन आधी स्लॅबपर्यंत न्यायचं आणि मग सीलिंग करायचं. दोन्ही बाजूंनी बोर्ड, मधे आवाज अडवणारं रॉकवूल, आणि स्लॅबला जिथं टेकतं तिथली फट सीलंटनं बंद. एकाच भिंतीत दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून स्विचचे बॉक्स बसवू नका, तिथूनही आवाज जातो. दार पोकळ नको, भरीव फ्लश डोअर घ्या. चौकटीला रबर आणि दाराच्या खालच्या फटीला सील लावा. आपल्या कोल्हापूरकरांचा आवाज तसाही खणखणीत, डॉक्टरांचाही.

काम होऊन गेलं असेल तरी घाबरू नका. पार्टिशनच्या रेषेवरच्या सीलिंग प्लेट काढून वरचा पट्टा बंद करता येतो. त्या दवाखान्यात आम्ही दोन रात्रींत ते केलं आणि ओपीडी एक दिवसही बंद ठेवावी लागली नाही.

पायरी आणि दार

रस्त्यावरच्या गाळ्याला दोन पायऱ्या म्हणजे साधारण फूटभर उंची. रॅम्पचा उतार एकास बारा धरतात, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. समोर तेवढी जागा नसते, म्हणून पुष्कळ जण चार फुटांत उतार मारून मोकळे होतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलून बघा, मागचा माणूस पावसात घसरतो. रॅम्प भिंतीला समांतर वळवून घ्या किंवा मुळात कमी जोत्याचा गाळा शोधा. हाडांचे आणि मेंदूविकाराचे डॉक्टर असाल तर गाळा बघायला जाताना टेप घेऊनच जा.

दाराचं मापही नीट घ्या. तीन फुटी चौकट सांगितली की सुतार बाहेरून बाहेर तीन फूट धरतात, आणि आतून मोकळी जागा त्याहून चार-पाच इंच कमी भरते. मोकळी जागा ९०० मिलिमीटर मिळाली पाहिजे, असं कागदावर लिहून द्या.

वेटिंगमध्ये किती खुर्च्या? आपल्याकडं पेशंट एकटा येत नाही. गारगोटीहून, राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या आजीबरोबर मुलगा असतो, सून असते, कधी नातूही असतो. एका वेळी आठ पेशंट धरत असाल तर वीस जणांची सोय करा. चपलांसाठी दाराच्या आत कोनाडा काढा, नाहीतर जिन्यात ढीग पडतो आणि शेजारच्या दुकानदाराशी वाद सुरू होतो. फरशी चकचकीत घेऊ नका. जुलैत ओल्या छत्र्या आणि चिखलाचे पाय आत येतात. मॅट किंवा अँटी-स्किड घ्या.

पुराची रेषा विसरू नका

हे मुंबई-पुण्याचे डिझायनर हमखास विसरतात, आणि आपलेही काही विसरतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग, कुठं किती पाणी आलं हे शेजारचा माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवतो. गाळा घेण्याआधी त्याला विचारा.

अशा ठिकाणी तळमजल्यावर जमिनीलगत जिप्सम आणि प्लायवूड नको. खालचे तीन-चार फूट विटांचे ठेवा, कपाटांना ग्रॅनाइटचा किंवा पीव्हीसी बोर्डचा तळ द्या, सॉकेट कमरेच्या वर घ्या. इन्व्हर्टर, डीबी आणि कॉम्प्रेसर शक्य तितके उंच. पाणी छातीएवढं आलं तर यातलं फारसं काही वाचणार नाही, पण गुडघाभर पाण्यात दवाखाना वाचतो, आणि तसं पाणी जास्त वेळा येतं.

दसऱ्याचा मुहूर्त आणि ओली पुट्टी

दसऱ्याला उघडायचं म्हणजे सगळं काम भर पावसात. गिलावा, पुट्टी, प्रायमर यांना वाळायला वेळ लागतो. वेळ न देता रंग मारला की दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात. भिंतीला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर रंगाला हात लावू नका. पोपडे आधीच सुटले असतील तर वरून रंग मारून उपयोग नाही. वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा बाहेरची भेग शोधा, ओल थांबवा, मग खरवडा. बरेच सुतार राजस्थानचे असतात, होळी-दिवाळीला गावी जातात. तारीख ठरवताना तेही धरा.

छोट्या तक्रारी, पटकन उपाय

दवाखान्यात गटाराचा वास येतो: कमी वापरातल्या जाळीचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा भाग, सुकलेला असतो, आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. तरी वास राहिला तर एसीची किंवा चेअरची ड्रेन लाइन ट्रॅप न घालता थेट गटाराला जोडली आहे का ते बघा.

सीलिंगवर पिवळा डाग: एसीच्या पाइपला उतार नाही. प्लंबरला जाता यावं म्हणून सीलिंगमध्ये झडप सोडलेली नसते, मग पूर्ण पट्टी कापावी लागते. झडप आधीच सोडा.

टॉयलेटचा पंखा चालू, तरी वास आतच: पंखा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत हवा सोडतोय. डक्ट बाहेरच्या भिंतीतून काढा.

जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे, निळे डबे रिसेप्शनखाली सरकवलेले मी पाहिले आहेत. कचरागाडी येईपर्यंत ते ठेवायला मागच्या दाराजवळ कुलपाची, धुता येईल अशी जागा नकाशातच काढा.

कोटेशन

स्क्वेअर फुटाचा एकच दर सांगणाऱ्याकडून फोड मागा. प्लाय कुठला? आयएस ३०३ म्हणजे साधा, आयएस ७१० म्हणजे मरीन. बेसिनखाली आणि ओल्या जागी साधा प्लाय वर्षभरात फुगतो. प्लायवरचा शिक्का साइटवर स्वतः बघा. तोंडी वाढवलेलं काम त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून दर ठरवा. शेवटचे दहा टक्के पैसे उद्घाटनानंतर महिनाभर राखून ठेवा. चांगला कंत्राटदार याला नाही म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

आणि भिंती बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढा: पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर, वायर किती उंचीवर. त्या फोटोंची प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीबीच्या दाराच्या आतून चिकटवा. तीन वर्षांनी टीव्हीचा ब्रॅकेट लावायला येणारा पोरगा ड्रिल लावण्याआधी ते दार उघडून बघेल.