जुनी एमजीबी घेताय? इंजिन तपासताना या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबडच्या एका गॅरेजात मित्राबरोबर १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने बॉनेट उघडून इंजिनावरचा नंबर दाखवला, शेजारी आरसी बुक धरलं. "जुळतंय ना? ओरिजिनल आहे साहेब." मित्र तिथेच टोकन द्यायला निघाला. मी त्याला ओढून समोरच्या टपरीवर नेलं.

सगळ्यात मोठी चूक हीच. एमजीबीचा इंजिन नंबर थेट ब्लॉकवर ठोकलेला नसतो, ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. आमचा चहा संपेपर्यंत कुणीही ती पट्टी काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावेल. म्हणून आकडे वाचण्याआधी रिव्हेट बघा. आजूबाजूला साठ वर्षांचा तेलकट थर आणि रिव्हेट मात्र चकचकीत, असं दिसलं की प्रश्न विचारायला लागा. आणि नंबर नीट दिसावा म्हणून तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तर अजिबात मारू नका. रॉकेलचा बोळा पुरतो.

दुसरी चूक खास आपल्या देशातली. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली. वरून बघितलं तर सख्खे भाऊ. स्पेअर मिळत नसतील तिथे अँबेसिडरचा माल कामाला येणारच, त्यात नवल नाही. काही हुशार मंडळी स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, मोजतात आणि खूश होतात. पण स्ट्रोक दोन्हींचा ८८.९ मिलिमीटरच! फरक आहे तो बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात: अँबेसिडरचा ७३ आणि एमजीबीचा ८० मिलिमीटरच्या थोडा वर. तो हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्याशिवाय मोजता येत नाही. हेड उतरवायला जो नाही म्हणतो, त्याला मी अँबेसिडरच्या इंजिनाचाच भाव सांगतो.

नंबरातली अक्षरं गाळून नुसते आकडे जुळवणं हीही नेहमीची चूक. नंबराच्या सुरुवातीला १८जी किंवा १८जीए म्हणजे तीन मेन बेअरिंगची (क्रँकशाफ्टला आधार देणारी बेअरिंग) इंजिनं. ऑक्टोबर १९६४ पासून पाच बेअरिंगचं १८जीबी आलं. त्यामुळे १९६३ च्या गाडीत १८जीबी दिसलं तर इंजिन नंतर बदललेलं आहे, नंबर कितीही सुंदर दिसो. आरसी बुकात कारकुनाने ही अक्षरं गाळलेली असू शकतात, तेव्हा जुनं, हाताने लिहिलेलं बुक मागून घ्या.

आता सुटे भाग. ल्युकास कंपनीच्या डायनॅमोवर आणि डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) बनवल्याचं वर्ष ठोकलेलं असतं. ते गाडी बनण्याच्या थोडं आधीचं हवं. नंतरचं असेल तर भाग बदललाय. हा काही गुन्हा नव्हे, भावात दिसलं म्हणजे झालं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ दिसलं तर तो मेट्रिक, मागाहून आलेला. या गाडीचे मूळ बोल्ट इंची आट्यांचे.

इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात कारखान्यातून निघताना गाडीत कोणतं इंजिन होतं, रंग कोणता होता, हे असतं. आज बॉनेटखाली काय आहे, ते नसतं. लोक हा कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि इंजिन बघायचं विसरतात.

हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेपोटी नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. पेठ रोडच्या आरटीओत फाइल घेऊन उभं राहिल्यावर हे कळण्यापेक्षा अंबडमध्येच कळलेलं बरं.

आमच्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरवर १९७१ होतं, आणि पट्टीचे रिव्हेट कोरे करकरीत. मित्राने टोकन दिलं नाही. विकणारा अजून हेड उतरवायला तयार नाही.