प्रस्तावापासून अहवालापर्यंतची तयारी

प्रस्तावाची फाइल उघडण्याआधी संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासकट लिहून काढा. ‘मोबाइलचा विद्यार्थ्यांवर परिणाम’ हा नुसता विषय झाला. ‘झोपण्याआधी तासभर मोबाइल पाहणाऱ्या नववीतल्या मुलांची झोप इतरांपेक्षा कमी होते का?’ हा प्रश्न. कोणाला विचारायचं, काय मोजायचं, तुलना कशाशी करायची, हे त्यातच ठरून जातं. या एका वाक्यासाठी आठवडा गेला तरी तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. उद्दिष्टं तीन-चार पुरेत, पण ती तपासता येण्यासारखी हवीत. ‘जागरूकता वाढवणे’ हे पूर्ण झालं की नाही, कसं सांगणार?

वाचन सुरू झालं की लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, पानं आणि डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) यांची नोंद त्याच दिवशी करा. त्यासाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. साहित्याचा आढावा म्हणजे दहा लेखांचे दहा सारांश नव्हेत. अभ्यासक कुठे सहमत आहेत, कुठे नाहीत आणि तुमचा प्रश्न कोणत्या मोकळ्या जागेत बसतो, हे त्यातून दिसायला हवं.

पद्धतीच्या भागात नमुना किती आणि कसा निवडणार ते लिहा. प्रश्नावली आधी चार-पाच जणांकडून भरून घ्या, संदिग्ध प्रश्न तिथेच उघडे पडतात. संमतिपत्र तयार ठेवा. सहभागी अल्पवयीन असतील तर पालकांचीही संमती हवी, आणि ती माहिती गोळा करण्याआधी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विश्लेषण कसं करणार हे आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवा. नाहीतर जे आकडे सोयीचे दिसतात तेच निवडण्याचा मोह होतो, आणि तो भल्याभल्यांना होतो. वेळापत्रकात लेखनाला शेवटचे चार दिवस देऊ नका.

अहवालात प्रस्तावातला मजकूर घेताना ‘केले जाईल’चं ‘केले’ करायला विसरू नका. ठरवलेल्या पद्धतीत बदल झाला असेल तर तो कारणासह सांगा. आधी पद्धती आणि निकाल लिहा, मग चर्चा, आणि सारांश सर्वांत शेवटी. फरक आढळला नाही तर तसंच लिहा. तेही उत्तरच आहे.

मांडणीसाठी आधी संस्थेची नियमावली वाचा. तिथे काही सांगितलं नसेल तर ए-फोर कागद आणि चारही बाजूंना २.५४ सेंटीमीटर समास चालतो. बांधणी करायची असेल तर डावीकडे थोडा जास्त. मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावा, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. संदर्भशैली एकच ठेवा. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत तक्ता आणि आकृती दोन्हींची शीर्षकं वर येतात, अभियांत्रिकीत वापरल्या जाणाऱ्या आयईईई शैलीमध्ये आकृतीचं खाली. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतला प्रत्येक संदर्भ मजकुरात आहे का, हे एकेक करून जुळवा. कोरी प्रश्नावली परिशिष्टात जाते. सहभागींची नावं कुठेच नाहीत.

पीडीएफ तयार झाली की दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा: फॉन्ट, तक्ते, पानांचे क्रमांक. मगच छपाईला द्या.